खिळा भिंतीत, नकाशा भिंतीवर

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहिण्याचे निमंत्रण आले, तेव्हा मला विषय शोधावा लागला नाही. जुन्या इमारतींची तपासणी, म्हणजे मुंबईत सर्रास ज्याला स्ट्रक्चरल ऑडिट म्हणतात, ते माझे काम आहे आणि त्याचे सारे अहवाल मला इंग्रजीत लिहावे लागतात. तडा, ओल, गंज नेमका कुठे आहे, हे त्या अहवालात पुष्कळदा एका चिमुकल्या शब्दावर ठरते आणि तो शब्द निवडण्याची रीत मला परळच्या आपल्या शाळेत, आठवीच्या वर्गात, इंग्रजीच्या बाईंनी शिकवली.

आमच्या वेळी मराठी माध्यमात इंग्रजी पाचवीपासून असे. ते पहिलीपासून सुरू झाले २००० साली, आम्ही शाळा सोडल्यानंतर. आठवीत येईपर्यंत प्रेपोझिशन म्हणजे पाठ करायची यादी होती: इन म्हणजे ‘मध्ये’, ऑन म्हणजे ‘वर’, अ‍ॅट म्हणजे कधी ‘ला’, तर कधी पुन्हा ‘मध्ये’च. बाईंनी ती यादी मिटून ठेवायला लावली. एखादी जागा बोलणाऱ्याला कशी दिसते आहे, हे आधी ठरवा, असे त्या सांगत. ती नुसता बिंदू म्हणून डोळ्यांपुढे असेल तर अ‍ॅट, पृष्ठभाग किंवा रेषा असेल तर ऑन, आणि वस्तूला चहूबाजूंनी वेढत असेल तर इन.

वर्गात महाराष्ट्राचा मोठा नकाशा टांगलेला असे. त्याच्या वरच्या पट्टीची दोरी एका जाड खिळ्याला अडकवलेली होती आणि खिळ्याभोवतीचा गिलावा थोडा उडाला होता. त्या एका नकाशावर बाईंनी अख्खा तास घेतला. खिळा भिंतीत शिरला आहे, म्हणून तो इन द वॉल. नकाशा भिंतीला नुसता टेकला आहे, म्हणून तो ऑन द वॉल. मुंबई नकाशावर आहे, म्हणून ऑन द मॅप. महाराष्ट्रात आहे, म्हणून इन महाराष्ट्र. आणि किनारा ही रेषा मानली जाते, म्हणून तीच मुंबई ऑन द कोस्ट. कुलाबा मुंबईच्या दक्षिणेला आणि अलिबागही मुंबईच्या दक्षिणेला, असे आपण सहज म्हणतो. पण कुलाबा शहराच्या हद्दीत असल्यामुळे तिथे इन द साउथ ऑफ मुंबई म्हणायचे आणि अलिबाग हद्दीबाहेर असल्यामुळे तिथे टू द साउथ. हा भेद मराठी मुलाला परका नाही, अशी त्यांची खात्री होती. ‘आई घरी आहे’ आणि ‘आई घरात आहे’ यांतला फरक ज्याला न शिकवता कळतो, त्याला अ‍ॅट होम आणि इन द हाउस यांतला फरक का कळू नये, असे त्या विचारत.

‘वर’ आणि ‘समोर’ या दोन शब्दांपाशी मात्र त्या जास्त थांबत, कारण तिथे मराठी एकाच शब्दात भागवते. दादरचा टिळक पूल रुळांवरून पलीकडे जातो, म्हणून तो ओव्हर द ट्रॅक्स. मलबार टेकडी गिरगाव चौपाटीपेक्षा उंचावर आहे, पण चौपाटीच्या थेट डोक्यावर नाही, म्हणून तिला अबव्ह. महापालिकेची मुख्य इमारत बोरीबंदर स्थानकाच्या समोर आहे आणि फिरोजशहा मेहता यांचा पुतळा त्या इमारतीच्या समोर आहे. मधे रस्ता ठेवून दोन इमारती समोरासमोर उभ्या आहेत, त्यांना ऑपोझिट. पुतळा इमारतीच्या पुढ्यात, तिच्याच बाजूला आहे, म्हणून त्याला इन फ्रंट ऑफ. पत्ता सांगताना या दोहोंची गल्लत झाली, तर माणूस रस्त्याच्या चुकीच्या बाजूला उभा राहतो.

बिटवीन फक्त दोहोंसाठी आणि त्याहून अधिकांसाठी अमंग, हा क्रमिक पुस्तकी नियम त्यांना अपुरा वाटे, आणि मलाही तो आज तसाच वाटतो. मुंबईची मूळ बेटे सात. पण प्रत्येक बेट वेगळे आणि नाव असलेले आहे, म्हणून त्यांच्यामधल्या ज्या खाड्या भरून शहर एकसंध झाले, त्यांच्यासाठी बिटवीनच योग्य. घोळक्यात किंवा ढिगात, जिथे एकेक वेगळा मोजायचा नसतो, तिथे अमंग.

नियम पोचत नाही तिथे बाई तो ताणत नसत. बस आणि लोकलसाठी ऑन, पण टॅक्सीसाठी इन. इंग्लंडमध्ये घर इन द स्ट्रीट, तर अमेरिकेत ऑन द स्ट्रीट. हे वहिवाटीने ठरले आहे, तेवढे लक्षात ठेवा, म्हणून त्या पुढे जात.

मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींना महापालिकेच्या कायद्यानुसार संरचनात्मक तपासणी बंधनकारक आहे, त्यामुळे आमच्या कचेरीत अशा अहवालांची कधी वाण नसते. अहवाल वाचणाऱ्या अनेकांनी ती इमारत पाहिलेलीही नसते. ओलीचा डाग छतावर दिसतो, म्हणून तो ऑन द सीलिंग. सळई काँक्रीटच्या पोटात असते, म्हणून ती इन द स्लॅब. तुळई आणि खांब जिथे मिळतात ती जागा, किंवा तुळईचा ऐन मध्य, आराखड्यात बिंदूसारखा धरला जातो, म्हणून तिथे अ‍ॅट. तड्याच्या बाबतीत इन लिहूनही भागत नाही, कारण तो कशात आहे हेही सांगावे लागते. तडा इन द प्लास्टर असेल तर गिलावा काढून नवा केला की बहुधा काम होते. तोच इन द कॉलम असेल, तर आतली सळई गंजून फुगली आहे का, खांबाला टेकू द्यावा लागेल का, जॅकेटिंग, म्हणजे खांबाभोवती मजबुतीचे नवे आवरण, करावे लागेल का, हे प्रश्न उभे राहतात. सोसायटीचा खर्च आणि रहिवाशांची सुरक्षितता दोन्ही त्यावर ठरतात. म्हणून हाताखालच्या तरुण अभियंत्याच्या मसुद्यात ‘क्रॅक ऑन द कॉलम’ असे आले, की मी ते स्वतः दुरुस्त करत नाही. त्याला पुन्हा इमारतीत पाठवतो, सोसायटीच्या परवानगीने तेवढ्या जागेचा गिलावा काढायला लावतो आणि तडा काँक्रीटमध्ये उतरला आहे की नाही, हे पाहिल्यावरच ते वाक्य त्याच्याकडून पुन्हा लिहून घेतो.