क्रेटं उतरवू नका

डिसेंबरातला शुक्रवार होता. दोन दिवस आभाळ भरून आलेलं, पाऊस नाही आणि धड थंडीही नाही. पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी सासवडकडच्या मावशींचा फोन आला. शुक्रवारी पहाटे त्या फोन करतात ते "टेम्पो निघाला" एवढंच सांगायला. त्या दिवशी म्हणाल्या, "ताई, टेम्पो निघालाय, पण माझी क्रेटं उतरवू नका."

कर्वेनगरातल्या आमच्या दुकानाची भाजी-धान्याची खरेदी मी बघते. दुकान सभासदांचं आहे, आणि माल सेंद्रिय, म्हणजे रासायनिक औषधांशिवाय पिकवलेला. २०१६ साली राज्य सरकारने फळं आणि भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, आणि पुढच्याच वर्षी आम्ही पावणेदोनशे कुटुंबांनी वर्गणी काढून एक गाळा भाड्याने घेतला. पुरंदर, भोर आणि मुळशी या तीन तालुक्यांतले सात शेतकरी आम्हाला माल देतात. कोणाचंही रान तीन एकरांच्या वर नाही. मुळशीहून इंद्रायणी आणि आंबेमोहर येतो, पुरंदरहून पालेभाज्या, घेवडा, वाटाणा, आणि पावसाळा सरता सरता सीताफळं. मंगळवार आणि शुक्रवार भाजीचे वार.

मावशी आदल्या दिवशी नणंदेच्या गावी दहाव्याला गेल्या होत्या. दुपारी शेजारच्या कांद्यावर फवारणी झाली. इंजिनाचा पंप, लांब नळी, आणि वारा नेमका पूर्वेकडून, म्हणजे सरळ मावशींच्या मेथीवर. बांधावर हत्तीगवताची दाट रांग आहे, तिने एरवी बरंच अडवलं असतं, पण चार दिवसांपूर्वीच जनावरांसाठी गवत कापलेलं होतं. संध्याकाळी मुलाने आणि सुनेने नेहमीसारखी भाजी काढली, जुड्या बांधल्या. रात्री जेवताना सून सहज बोलून गेली की कोथिंबीर उपटताना औषधाचा वास येत होता. मावशी रात्रभर तळमळल्या. साडेचारला टेम्पो आला तेव्हा मुलाने क्रेटं चढवून दिली, कारण माल न गेला तर आठवड्याचा खर्च कुठून काढायचा हा त्याचा प्रश्नही खरा होता. टेम्पो वळणाआड गेल्यावर मावशींनी फोन हातात घेतला.

"वांगी वरच्या वावरातली हायेत, ती चालतील," त्या म्हणाल्या. "पालेभाजी समदी बांधाकडची."

माझ्या तोंडून पहिलं काय निघालं ते लिहायलाच हवं. मी म्हणाले, "मावशी, मिठाच्या पाण्यातून धुऊन घेतली तर?"

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ताई, तुम्हीच शिकवलं ना आमाला, आंतरप्रवाही औषध पानाच्या आत जातं म्हणून."

शिकवलं होतं. तीन वर्षांपूर्वी त्यांच्याच अंगणात, दशपर्णी अर्काच्या पिंपाशेजारी बसून. मी उठले, तोंड धुतलं आणि दुकान गाठलं.

टेम्पो दिवे घाट उतरून सात वाजता आला. मेथी ९० जुड्या, पालक ६०, कोथिंबीर ४०. मेथी इतकी ताजी होती की देठांवर दव होतं. वास घेऊन पाहिला, मला काहीच कळलं नाही. प्रयोगशाळेत नमुना पाठवायचा तर हजारो रुपये लागतात, अहवाल यायला काही दिवस जातात, आणि मेथी दुसऱ्या दिवशीच माना टाकते. पालेभाजीच्या बाबतीत सांगणाऱ्याचा शब्द हीच तपासणी. केंद्र सरकारची सेंद्रिय शेतीच्या प्रमाणीकरणाची पीजीएस पद्धत, जिच्यात आमचे शेतकरी आहेत, तीही याच पायावर उभी आहे. किमान पाच शेतकऱ्यांचा गट असतो आणि ते एकमेकांची रानं फिरून तपासतात. पण शेजाऱ्याने दुपारी दोन वाजता केलेली फवारणी वर्षातून एकदोनदा येणाऱ्या भेटीत दिसत नाही.

मी फळ्यावर लिहिलं: "आज पालेभाजी नाही. शेजारच्या रानातली रासायनिक फवारणी वाऱ्याने आपल्या भाजीवर आली आहे. शेतकऱ्याने स्वतः कळवलं."

आठपासून सभासद यायला लागले. एका आजींनी फळा वाचला, नातवाच्या मेथीच्या पराठ्यांचं काय करायचं असं पुटपुटल्या आणि मुकाट्याने वांगी घेतली. एका गृहस्थांनी सरळ विचारलं, "म्हणजे एरवीही असं येत असेल, आम्हाला कळत नसेल?" मी म्हणाले, "हो, येत असेल." याहून खरं उत्तर माझ्याकडे नव्हतं. ते काही न घेता गेले.

दोघीतिघींनी सुचवलं की बाजारातली समजून निम्म्या भावात विका, टाकून कशाला द्यायची? मला ते अजिबात पटलं नाही. रासायनिक शेती करणाऱ्यालाही फवारणीनंतर काढणीपर्यंत ठरावीक दिवस थांबावं लागतं, औषधाबरोबरच्या माहितीपत्रकात ते लिहिलेलं असतं. ही भाजी काही तासांत काढलेली होती. सेंद्रिय हा शब्द बाजूला ठेवला तरी ती कोणाच्याही ताटात जायला नको होती, आणि गोशाळेतल्या गाईंच्या पुढ्यातही. आम्ही जुड्या सोडून सगळी मागच्या वेगळ्या खड्ड्यात टाकली. १९० जुड्या सोडायला अर्धा तास लागला. सुनेने प्रत्येक जुडी केळीच्या सोपट्याने बांधली होती, रबर आमच्याकडे चालत नाही म्हणून.

दहाच्या सुमारास गर्दी ओसरली आणि मला त्या गृहस्थांचा प्रश्न छळायला लागला. मी बाकीच्या सहा शेतकऱ्यांना एकेक करून फोन लावले. विचारलं एवढंच, की तुमच्याकडे कधी असं झालंय का? दोघं नाही म्हणाले. चौघांनी आधी हवापाण्याच्या गोष्टी केल्या, मग सांगितलं. एकाकडे गेल्या पावसाळ्यात, शेजारच्या सोयाबीनवरून. एकाकडे दोनदा. मुळशीच्या दादांनी वरच्या खाचरातून तणनाशकाचं पाणी उतरल्याचं सांगितलं. "मग कळवलं का नाही?" त्यांनी शांतपणे उत्तर दिलं, "ताई, नियम नऊ."

नियम नऊ मी लिहिला होता. २०२२ साली भोरच्या एका शेतकऱ्याने असंच आपणहून सांगितलं होतं, की उसावरची फवारणी घेवड्यावर आली. तेव्हा सभासद घाबरले, मीही घाबरले, आणि आम्ही ठरवलं: रासायनिक अंश आल्याचं कळल्यास त्या शेतकऱ्याचा माल एक हंगाम बंद, आणि न विकलेल्या मालाचे पैसे नाहीत. तो शेतकरी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात माल घालायला लागला आणि आमच्याकडे परत आला नाही. त्यानंतर असा एकही प्रकार आमच्या कानावर आला नाही. वार्षिक सभेत मी हे अभिमानाने सांगितलं होतं. टाळ्या पडल्या होत्या.

दुपारी रिकाम्या क्रेटांबरोबर टेम्पोत बसून मी सासवडला गेले. मावशी बांधावर उभ्या होत्या. कापलेल्या गवताला बोटभर फुटवे आले होते. मुलगा माझ्याशी बोलला नाही, आईशीही बोलत नव्हता. थोड्या वेळाने शेजारी स्वतःच आले. त्यांच्याशी भांडायचं असं वाटेत मनाशी ठरवलेलं सगळं मी विसरले, कारण त्यांनी आधी आपला कांदा दाखवला. पातीवर करप्याचे ठिपके, आणि पात उलगडली की आत फुलकिडे. आभाळ आलं की कांदेवाल्याला झोप नसते. ते म्हणाले, "वहिनीचं रान मला दिसत न्हाई व्हय? पर वीज दिवसा आली, मजूर दुपारी मिळालं. वारा माझ्या हातात हाय का?" वारा नाही, पण वेळ थोडी हातात आहे, असं आमचं बोलणं निघालं. सकाळी सहा ते आठ हवा पडलेली असते, औषधही तेव्हा कांद्यालाच जास्त लागतं, वाया जात नाही. शेवटी ते म्हणाले, आदल्या रात्री आवाज देईन, तुम्ही भाजी आधी काढून घ्या. मावशींनी बांधाच्या आतल्या चार ओळी पालेभाजीच्या सोडून तिथे मका आणि शेवरी लावायची तयारी दाखवली. चार ओळी म्हणजे त्यांच्यासाठी थोडं रान नाही.

संध्याकाळी सात वाजता दुकानात समितीची बैठक बसली. हिशेब होता ३,३०० रुपयांचा. खजिनदार काकांचा विरोध होता आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नव्हतं: "आज पैसे दिले तर उद्या प्रत्येक न खपणारी भाजी फवारणीच्या नावावर आपल्या गळ्यात येईल." मी म्हटलं, येईल कदाचित. पण त्या शेतावर त्याच दिवशी गटातला दुसरा शेतकरी जाऊन बघू शकतो. आणि खरं सांगण्याचा सगळा खर्च ज्याच्या पदरात तीन एकरही नाहीत त्याच्यावर टाकून आपण खरं ऐकायची अपेक्षा कशी करतो? काका बराच वेळ चष्मा पुसत राहिले. नऊ वाजता नियम बदलला. माल निघण्याआधी कळवलं तर त्या दिवसाचे पूर्ण पैसे दुकान देईल आणि फक्त तेवढा पट्टा, गटाने पाहणी करेपर्यंत, बंद राहील. लपवलेलं मागाहून कळलं तरच हंगामाची बंदी. मावशींचा फोन टेम्पो निघाल्यावर आला होता, तरी त्यांचे पैसे द्यायचे ठरले, त्याला काकांनीच अनुमोदन दिलं.

घरी जाताना पुलावर थांबून मी भोरच्या त्या शेतकऱ्याचा नंबर शोधला. एवढ्या वर्षांत लावला नव्हता. दुसऱ्याच घंटेला त्यांनी उचलला, आवाज ओळखला. मी झालेलं सगळं सांगितलं, माफी मागितली, आणि म्हटलं, तुमचा घेवडा आमच्याकडे परत यावा अशी इच्छा आहे.

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"बरं केलंत, ताई, फोन केलात," ते म्हणाले. "पर आता ऊस लावलाय. खोडवं धरून तीन वर्सं तरी रान मोकळं न्हाई."