पाण्याच्या प्रश्नात देवाचं काय काम?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. विचारणारे बदलतात, प्रश्न तोच असतो: "तुम्ही देवाधर्माची माणसं, चर्चला जावं, प्रार्थना करावी. पाणी, जमीन, मोर्चे यांत कशाला पडता?" कधी हिंदू मैत्रिणी विचारतात, कधी आमच्याच धर्मग्रामातली, म्हणजे आमच्या चर्चच्या पॅरिशमधली, बुजुर्ग मंडळी.

मी वसईची. आमच्या पश्चिम पट्ट्यात समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी विहिरींना गोडं पाणी. त्यामागे बावखलांचा मोठा हात. पूर्वजांनी वाड्यांमध्ये खणलेली ही तळी पावसाचं पाणी धरतात, ते जमिनीत मुरतं आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्याला मागे रेटून ठेवतं. मुंबईची वस्ती इकडे सरकली तसे टँकरवाले विहिरींना पंप लावून पाणी उपसू लागले. गोडं पाणी खाली गेलं की खारं आत शिरतं. मग केळीचं पान कडेने करपायला लागतं. ते पान पाहिल्यावर वाडीवाल्याला पाण्याची चव घ्यावी लागत नाही.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसई संरक्षण समितीतून लोकांना उभं केलं ते याच काळात. टँकरवाले आणि बिल्डर यांच्याविरुद्ध तोंड उघडणं तेव्हा सोपं नव्हतं. 2020 मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून महाराष्ट्राने त्यांना पाहिलं. वसईने त्यांना आधी मोर्च्यात पाहिलं होतं. आणि त्या मोर्च्यांत नुसते ख्रिस्ती नव्हते. विहीर खारी होताना कुणाचा धर्म बघत नाही.

फादरांनी हे काही पदरचं आणलेलं नव्हतं. मत्तयच्या शुभवर्तमानात, पंचविसाव्या अध्यायात, शेवटच्या न्यायाच्या दिवशी प्रभू काय विचारणार ते लिहून ठेवलंय. मी भुकेला होतो, तान्हेला होतो, परका होतो, तेव्हा तू काय केलंस? किती मिस्सा (चर्चमधली उपासना) ऐकल्यास, किती नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना) केल्यास, हे तिथे विचारलेलं नाही. तान्हेला कोणत्या जातीचा, हेही नाही. आता तहान भागवायची म्हणजे पेला भरून दिला की झालं का? विहीर कोण खारी करतंय ते विचारणं आणि त्याला अडवणं हेही त्यातच येतं, असं मी मानते. तपस्याकाळात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, दानपेटीत पैसे टाकणं त्या मानाने सोपं. ते आम्ही सगळेच करतो, करावंही. पण त्याने कुणाचा पंप बंद होत नाही.

कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्येच सांगून ठेवलंय की आजच्या माणसांची, त्यातही गरिबांची, सुखदुःखं तीच ख्रिस्ताच्या शिष्यांची सुखदुःखं. साठ वर्षं होऊन गेली, तरी आमच्यातल्या कितीतरी जणांना फादरांनी वेदीपुरतंच बोलावं असं वाटतं.

आणि एक गोष्ट सांगितली नाही तर हे उत्तर अर्धवट राहील. जमिनी विकणारे, बावखलं बुजवून त्यावर बांधकाम करणारे सगळे बाहेरचे नव्हते. त्यांत आपलीही माणसं होती, रविवारी पुढच्या बाकावर बसणारी. 2018 च्या जुलैत वसई पाण्याखाली गेली तेव्हा पावसाला बोल लावून मोकळं होणं सोपं होतं. पण पाणी जिरायच्या, वाहून जायच्या जागाच आपण बुजवल्या होत्या. म्हणून बिल्डरला विचारायचा प्रश्न मला माझ्या धर्मग्रामालाही विचारावासा वाटतो. तो विचारला की काही घरांत बोलणं बंद होतं. होऊ दे.

अलीकडे गावोगावची तरुण मुलं बावखलं साफ करायला उतरतात. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून जलपर्णी ओढायची, मग प्लॅस्टिक, मग वर्षानुवर्षांचा काळा गाळ. आमच्या आळीतलं बावखलही यंदा पावसाआधी मोकळं करायचंय. रविवारी सकाळची मिस्सा संपली की तिथेच जमतो. प्रश्न विचारलात तसे याही. गमबूट मात्र घालून या, गाळात काचा असतात.