एकोणसत्तर तिकिटं

अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेला चार ओळी लिहून द्या, म्हणून समितीची दोन पोरं परवा घरी आली. मी म्हटलं, "माझं काय छापता? आपल्या शाळेतून डॉक्टर झालेत, फौजदार झालेत, त्यांच्याकडं जा." त्यातला एक म्हणाला, "काका, त्यांची आलीत. तुमचंच राहिलंय." बाकीच्यांनी मोठ्या गुरुजींवर लिहिलं असणार, आणि गुरुजी होतेच तसे. मी मात्र बाईंबद्दलच लिहिणार. कोणत्या बाई, हे माझ्या वेळच्यांना सांगायला नको. नव्या पोरांनी घरी विचारावं.

मी तिसरीत गेलो १९७२ साली. आपल्या पारनेर तालुक्याला दुष्काळ काही नवा नाही, पण त्या साली विहिरींचे तळ उघडे पडले आणि निम्मं गाव खडी फोडायला गेलं. घरात मिलो नावाच्या परदेशी ज्वारीची तांबडी भाकरी, आणि आई कामावरून पदरात बांधून आणायची ती सुकडी. तिच्या वासानं आम्ही बांधावर जाऊन बसायचो. पहिली-दुसरी गुरुजींकडं मारुतीच्या देवळात, तिसरी-चौथी बाईंकडं खोलीत. हजेरी बेताचीच. थोरल्या पोरी धाकट्यांना सांभाळायला घरी राहायच्या. बाईंनी त्यांना सांगितलं, "धाकट्याला घेऊन ये, पण ये." मग कडेवर पोर आणि हातात पाटी अशा तीन-चार जणी मागं भिंतीला टेकून बसायच्या. तपासणीला साहेब आले तेव्हा त्यांतल्या एकीचं पोर नेमकं रडायला लागलं. बाईंनी ते स्वतःच्या मांडीवर घेतलं आणि गुणाकार पुढं चालू ठेवला.

बाई सुप्याहून एसटीनं यायच्या, फाट्यावर उतरून पायी. लोक उतरताना तिकिटं टाकून द्यायचे, ती बाई वेचून आणायच्या. पुढं पुढं कंडक्टरच गाडी झाडताना निघालेली तिकिटं कागदात बांधून त्यांच्या हातात ठेवायला लागला. कुणाला वाटलं बाईंना काही तरी नाद आहे. पिवळी, गुलाबी, हिरवी, पातळ कागदाची ती तिकिटं. वर किंमत छापलेली आणि चिमट्यानं पाडलेलं भोक. आमच्या शाळेचं गणिताचं साहित्य म्हणजे तेवढंच. दहा तिकिटं झाली की चवड करायची आणि तिला बाभळीचा काटा टोचायचा. काटा टोचलेलं ते दशक, मोकळी ती सुटी. दशक-सुटे म्हटलं की आजही माझ्या बोटाला तो काटा लागतो.

शनिवारी शाळा सारवून झाली की एसटी निघायची. फुटक्या पाटीची पाटी गेली होती, चौकट उरली होती. तिच्यावर सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून बसवल्या, झाला कंडक्टरचा तिकिटांचा ट्रे. चिमट्याच्या जागी दाभण. पोरं दोन-दोनच्या रांगेत बसायची, पुढं ड्रायव्हर भाकरीचं ताट फिरवत. थांबे पाठ लागायचे: नगर, केडगाव, कामरगाव, सुपा, शिरूर, रांजणगाव, शिक्रापूर, वाघोली, पुणे. भूगोल आम्ही असा शिकलो. चौथीतली पोरं भांडायची, "मी शिरूरला चढलोय, मला नगरपासनं पैसे लावू नको." कडेवरच्या पोरांना तिकीट नाही, यावर एकदा फार मोठा वाद झाला होता. दर शनिवारी कंडक्टर वेगळा. गाडी पुण्याला पोचली की किती तिकिटं फाडली ते मोजून त्यानं मोठ्यानं सांगायचं आणि बाईंनी फळ्यावरच्या वेबिलात, म्हणजे कंडक्टरच्या हिशोबाच्या कागदात, लिहायचं.

माझी पाळी आली तो शनिवार पक्का आठवतो. मी मोजणीत कच्चा नव्हतो, नावात कच्चा होतो. सहा काटे आणि वर नऊ सुटी. मी ऐटीत ओरडलो, "एकोणसाठ!"

चौथीतली पोरं खिदळली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी फळ्यावर ५९ लिहिलं आणि हात पुढं केला. "कंडक्टर, हिशोब लागत नाही. दहा तिकिटं कमी भरतायत. पैसे काढा खिशातनं."

चड्डीला खिसाच नव्हता. मी रडायच्या बेताला आलो. बाईंनी जवळ बसवलं, काटे माझ्या हातात दिले आणि म्हणाल्या, "नाव राहू दे. हातात काय आहे ते सांग." मी म्हटलं, "साठ. नि नऊ." "मग तेच म्हण ना. साठ नि नऊ." मी म्हटलं. "आता पुढचं घर कोणतं? सत्तर ना? सत्तराला किती ऊन, म्हणजे कमी, पडतायत?" एक. "एक ऊन, सत्तर. एकोण, सत्तर." असं दोन-तीनदा म्हणवून घेतलं आणि मला झालं काय ते दिसलं. मी आत्ताच्या घराचं नाव घेत होतो, पाहुणा पुढच्या घरचा होता. मग एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणऐंशी सगळी एका दमात धडाधड उलगडली. नव्व्याण्णवला अडलो. विचारलं, "बाई, मग एकोणशंभर का नाही?" बाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "मला नाही रे ठाऊक." आठ वर्षांच्या पोराला मास्तरीण असं सांगते, याचं मला तेव्हा काही वाटलं नाही. आता वाटतं.

२०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीससाठी 'वीस एक, वीस दोन' आलं आणि गदारोळ उठला, तेव्हा मी डेपोच्या कँटीनमध्ये चहा घेत होतो. टीव्हीवर जो तो ते पुस्तक करणाऱ्या मंगला नारळीकरांच्या समितीची टिंगल करत होता आणि आमचे ड्रायव्हर हसत होते. पुस्तकात जुनी नावंही होती, ते पाहायला कुणाला सवड नव्हती. मी म्हटलं, हे आम्ही दुष्काळात केलंय. माझं मत विचाराल तर बाईंचंच खरं: आधी साठ नि नऊ म्हणू द्यावं, पण पोराला तिथंच सोडून देऊ नये.

मी १९८७ ला एसटीत लागलो, वाहक म्हणून. गुरुजींनी आमच्या निम्म्या वर्गाची जन्मतारीख १ जून लावून टाकली होती, त्यात मीही. आणि एसटीची पहिली गाडी पुणे-नगर रस्त्यावर धावली ती १ जून १९४८ ला. त्यामुळं माझा नि महामंडळाचा वाढदिवस एकच, हे मी कुणालाही सांगत असतो. ३१ मे २०२२ ला निवृत्त झालो. त्याआधीचे काही महिने संपात गेले, त्याबद्दल इथं लिहीत नाही. पस्तीस वर्षांत वेबिल कमी भरलं नाही असं म्हणणार नाही. गर्दीत चुका होतात, चुकलं ते पदरचं भरलं. पण प्रत्येक वेळी खिशात हात घालताना चड्डीला खिसा नसलेला मीच आठवायचो. शेवटी मशीन आलं, बटण दाबलं की तिकीट आणि हिशोबही तेच करतं. नव्या पोरांना ट्रे दाखवला तर विचारतात, हा कशाचा खोका?

शाळेतही आता मोठा टीव्ही आलाय, फरशी आहे, सारवायचं काम नाही. चांगलं आहे. पटावर चौदा पोरं, तेवढंच वाईट वाटतं. चौदात एसटी कशी भरणार?

बाई आपल्याकडून बदलून गेल्यावर मला एकदाच दिसल्या. १९९३ असेल. नगर-पुणे गाडी, शिरूरला चेंगराचेंगरी. कुणी तरी म्हणालं, "एक वाघोली." आवाजावरून मान वर केली. केस पांढरे झाले होते, चष्मा जाड. त्यांनी मला ओळखलं नाही. खाकीतल्या माणसाकडं कोण निरखून बघतं? मी तिकीट फाडलं, भोक पाडलं, सुटे पैसे हातात दिले. बाई, मी एकोणसाठवाला, एवढं म्हणायचं होतं. मागून दोघं ओरडत होते, एक जण सुट्ट्यावरून भांडत होता. म्हटलं, गर्दी कमी झाली की जाऊ पुढं. वाघोली आली तेव्हा मी अजून मागच्या सीटपाशी होतो. त्या उतरताना दिसल्या. इतरांची तिकिटं पायरीवर, रस्त्यावर पडत होती. बाईंनी आपलं तिकीट घडी घालून पर्समध्ये ठेवलं, आणि मी डबल बेल दिली.