निम्म्या फिन्स काढल्या आणि हीटसिंक थंड झाला

क्लास-ए (आवाज नसतानाही सतत वीज खाऊन तापणाऱ्या प्रकारच्या) हेडफोन ॲम्पचं सर्किट वाजायला लागलं, त्यानंतरचे तीन रविवार नुसत्या हीटसिंकवर, म्हणजे ट्रान्झिस्टरची उष्णता हवेत सोडणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावर गेले. पण जे हाती आलं ते सविस्तर सांगण्यासारखं आहे.

हीटसिंक पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, तापकीर गल्लीतून आणलेला. 100 बाय 100 मिमी, काळा ॲनोडाइज्ड, 30 मिमी उठावाच्या 20 फिन्स (उभ्या पातळ पट्ट्या), प्रत्येक 2 मिमी जाड. चार नग हाताळून मुद्दाम सगळ्यांत दाट फिन्सचा निवडला होता. पृष्ठफळ 0.126 चौरस मीटर. उभ्या पृष्ठभागावरच्या नैसर्गिक संवहनासाठी (गरम हवा आपोआप वर जाऊन उष्णता नेते त्यासाठी) गुणांक 6 वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश धरला, म्हणजे 15 वॅटला तापमानवाढ 20 अंश यायला हवी. ट्रान्झिस्टरऐवजी रेझिस्टर बसवून 15 वॅट दिले आणि दीड तासानं थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) पाहिला. खोली 29, हीटसिंकचा बेस (फिन्स जिच्यावर उभ्या असतात ती पाटी) 82. वाढ 53!

फिनच्या टोकापर्यंत उष्णता पोचत नसेल अशी शंका आली, पण फिनची कार्यक्षमता (सगळी फिन बेसइतकीच गरम असती तर गेली असती त्यातली किती उष्णता खरंच जाते) काढली तर ती 99 टक्के निघाली. मग उदबत्ती पेटवून खालच्या कडेशी धरली. धूर फटींत शिरेचना, बाहेरून वळसा घेऊन वर जात होता.

तिथे उलगडा झाला. गरम फिनला चिकटून वर चढणाऱ्या हवेचा थर काही मिलिमीटर जाड असतो. माझी फट जेमतेम 3 मिमीची, त्यामुळे दोन्ही बाजूंचे थर एकमेकांत मिसळून हवा जवळजवळ अडकलेलीच. योग्य फट म्हणजे फिनच्या उभ्या लांबीची 2.714 पट भागिले रेले अंकाचं (गरम हवेचा वर चढण्याचा जोर किती, हे सांगणाऱ्या आकड्याचं) चौथं मूळ. 35 अंश वाढीला रेले अंक सुमारे 24 लाख, त्याचं चौथं मूळ 39. म्हणजे फट 7 मिमी. (पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, हवा किंचित विरळ, गुणांकात तीनएक टक्क्यांचाच फरक, तो सोडून दिला.)

भोसरीत मित्राच्या वर्कशॉपमध्ये मिलिंगवर एक सोडून एक फिन मुळापासून काढली. फट 8 मिमीच्या थोडी वर गेली, पृष्ठफळ 0.068 वर आलं. तेच 15 वॅट, तीच 29 अंशांची खोली, आणि बेस 60! वाढ 31. नुसत्या संवहनाच्या हिशेबानं 37 यायला हवी होती. उरलेलं काम काळ्या पृष्ठभागाच्या प्रारणाचं (किरणांच्या रूपात बाहेर पडणाऱ्या उष्णतेचं), जे मी धरलंच नव्हतं.

आता उदबत्तीचा धूर फटींतून सरळ वर जातो. पुढच्या रविवारी कॅबिनेटच्या तळाला आणि झाकणाला भोकं पाडायची आहेत, नाहीतर बंद पेटीत या रुंद फटींनाही खालून हवा मिळणार नाही.