परवाना निलंबित झाला आणि एका शब्दापायी अकरा आठवडे गेले

चूक माझीच होती. विमान वरून खाली आणताना अल्टिमीटरची, म्हणजे हवेच्या दाबावरून उंची दाखवणाऱ्या उपकरणाची, खुंटी फिरवून तिथला स्थानिक दाब लावायचा राहून गेला. त्याच्या छोट्या खिडकीत 1013 हा उंचावर लावायचा प्रमाण दाब तसाच होता आणि त्या दिवशी खरा दाब होता 993. एका हेक्टोपास्कलला साधारण 27 फूट धरा, म्हणजे झाला 540 फुटांचा फरक. काटा 1500 दाखवत होता आणि मी वस्तीवरून हजार फुटांच्याही खालून चाललो होतो. दाट वस्तीवर, 600 मीटरच्या टप्प्यातल्या सर्वांत उंच अडथळ्यापेक्षा निदान 300 मीटर, म्हणजे साधारण हजार फूट, वर राहायचं, हे प्रत्येक पायलट परीक्षेआधी घोकतो. मीही घोकलं होतं. सहा महिन्यांत असं दुसऱ्यांदा घडलं, म्हणून प्रकरण कोर्टात गेलं.

दोन तारखांत आदेश आला. हवाई सुरक्षेला धोका, सबब पुनर्प्रशिक्षण 'समाधानकारकरीत्या' पूर्ण होईपर्यंत परवाना निलंबित. याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. खाली माणसं राहत होती.

तक्रार आहे ती त्या 'समाधानकारक' शब्दानंतर जे झालं त्याची. समाधान कुणाचं व्हायचं, हे आदेशात कुठेच नव्हतं. परवाना विभागात गेलो, तर खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले, "आधी परीक्षकाचा चेक, म्हणजे उड्डाण चाचणी, पास करून या." परीक्षकाला फोन केला. तो म्हणाला, निलंबित माणसाची चाचणी मी घेऊ शकत नाही, विभागाचं पत्र आणा. विभाग म्हणाला, आम्ही पत्र देणार नाही, कोर्टाने तसं लिहिलेलं नाही. कोर्टातल्या क्लार्कने आदेशावर बोट ठेवलं, "स्पष्ट तर आहे सगळं!" असे तीन फेरे झाले. तिसऱ्या फेरीत विभागाने माझी प्रत परत केली, कारण शिक्का शेवटच्या पानावर होता आणि त्यांना प्रत्येक पानावर हवा होता. मग पुन्हा नकलेचा अर्ज, पुन्हा आठवडाभर वाट. त्या खिडकीसमोरच्या बाकावर बसून मला अक्षरशः रडू यायच्या बेताला आलं होतं. शिक्षा मान्य केलेल्या माणसाला ती भोगून संपवायची वाटच कुणी दाखवू नये, याचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून सांगतो, आदेश होतो त्याच दिवशी वकिलांना उभं राहून तीन गोष्टी विचारायला लावा: चाचणी कोण घेणार, दाखला कोणत्या स्वरूपात आणि तो कुणाकडे जमा करायचा. आम्ही हे विचारलं नाही. शेवटी स्पष्टीकरणाचा अर्ज करावा लागला आणि न्यायाधीशांनी दहा मिनिटांत दोन ओळी घातल्या: विभागाने परीक्षक नेमावा, आणि इन्स्ट्रक्टरबरोबरच्या उड्डाणाला निलंबनाची आडकाठी नाही.

ही दुसरी ओळ मला आधी सुचायला हवी होती. दुहेरी उड्डाणात विमानाचा कमांडर इन्स्ट्रक्टर असतो, तुम्ही शिकाऊ. म्हणजे सराव सुरू ठेवता येतो. मी मात्र घाबरून अकरा आठवडे विमानाला हातही लावला नाही. प्रवासी नेण्याआधी 90 दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झालेले असावेत, असा नियम बऱ्याच देशांत आहे, तोही त्यात हातचा गेला.

हो, आणखी एक. वैद्यकीय प्रमाणपत्राची मुदत निलंबनात थांबत नाही. माझ्या ओळखीच्या एकाचा परवाना परत आला त्या दिवशी त्याचं मेडिकल संपलेलं होतं. तारीख आधीच पाहून ठेवा. लॉगबुकच्या प्रत्येक पानाची प्रत काढा, मूळ वही कुणाच्याही हातात सोडू नका.

चेकच्या दिवशी परीक्षक शेजारी गप्प बसून होता. उतरायला सुरुवात केली, टॉवरने दाब सांगितला, 1008. मी तो मोठ्याने परत म्हटला, खुंटी फिरवली, खिडकीतला आकडा बोटाने दाखवला आणि पुन्हा म्हटला. परीक्षकाने मान हलवून कागदावर खूण केली. परवाना नऊ दिवसांनी पोस्टाने आला.