सरांचं हसणं

आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सव समितीचं पत्र आलं तेव्हा शाळेविषयी बरंच काही लिहायचं मनात होतं. लिहायला बसले आणि पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या तासाचे आपले सर सोडून दुसरं काही सुचेना. बाकीचं इतर जण लिहितीलच. सरांचं नाव सांगायची आपल्यापैकी कुणालाच गरज नाही.

सर हसायचे फार मोकळं. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातला बारावा अध्याय ते दरवर्षी वाचून दाखवत. येशूचा शिष्य पेत्र तुरुंगात आहे, त्याच्या सुटकेसाठी मंडळी रात्री प्रार्थना करतेय, पेत्र सुटून येऊन दार ठोठावतोय, त्याचा आवाज ओळखून हरखलेली मुलगी दार न उघडताच आत पळते आणि प्रार्थना करणारेच तिला वेड्यात काढतात. पेत्र बिचारा बाहेर ठोठावतोच आहे! इथे आले की सरांना हसू आवरत नसे, चष्मा काढून डोळे पुसावे लागत. मग म्हणायचे, "बघा, हे लिहिणाऱ्या लूकने ते झाकून ठेवलं नाही. ज्यांचा देवावर भरवसा असतो त्यांना स्वतःची फजिती लपवावी लागत नाही."

आमच्या वर्गात नकला करणारा एक मुलगा होता. एकदा तो सरांचीच चाल करून दाखवत असताना सर दारात येऊन उभे राहिले. वर्ग चिडीचूप. सर म्हणाले, "अरे, डावा खांदा आणखी जरा खाली घे," आणि स्वतः फळ्यापर्यंत चालून दाखवलं. त्या दिवशी आम्ही पोट धरधरून हसलो.

पुढे काही दिवसांनी त्याच मुलाने वर्गातल्या एका अडखळत बोलणाऱ्या मुलाची नक्कल केली. हशा तसाच पिकला, पण सर हसले नाहीत. रागावलेही नाहीत. "हसताय सगळे. रडतंय कोण ते बघा आधी," एवढंच म्हणाले. मग नीतिसूत्रांचा सव्विसावा अध्याय काढून त्या नकलाकारालाच वाचायला लावला: शेजाऱ्याला फसवून वर 'मी थट्टा करत होतो' म्हणणारा माणूस जळती कोलितं फेकणाऱ्या वेड्यासारखा आहे, तो भाग. वाचताना त्याचा आवाज उतरत गेला. तास संपल्यावर सर त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला त्या दुसऱ्या मुलाकडे घेऊन गेले. तिथे काय बोलणं झालं ते आम्हाला कधी कळलं नाही, पण पुढच्या आठवड्यापासून ते दोघे एका बाकावर बसू लागले.

सरांचं म्हणणं असं, की प्रार्थना आपण जुळवून म्हणू शकतो, विश्वासाची साक्षही ठरवून देता येते. हसू मात्र विचार करायच्या आत बाहेर पडतं. अंतःकरणात भरलेलं असतं तेच मुखावाटे निघतं, हे मत्तयाच्या शुभवर्तमानातलं वचन ते हसण्यालाही लावत. १५३५ मध्ये इंग्लंडच्या राजाने मृत्युदंड दिलेले टॉमस मोर वधमंचाच्या डळमळत्या पायऱ्या चढताना अधिकाऱ्याला म्हणाले होते, वर जायला हात द्या, उतरायचं माझं मी बघेन. ही गोष्ट सांगून सर विचारत, "मरणाच्या दारात असं सुचायला आत काय असावं लागेल?"

आज मी एका मोठ्या रुग्णालयात परिचारिकांची प्रमुख आहे. नवीन मुली निवडताना गुणपत्रिका पाहतेच, पण चहाच्या सुट्टीत त्या कशाला हसतात तेही पाहते. रुग्णाच्या असहायतेवर विनोद करणारीला मी बाजूला घेऊन बोलते; स्वतःच्या धांदलीवर हसणारीकडे अवघड रुग्ण निर्धास्त सोपवते. या पारखीने मला अजून तरी दगा दिलेला नाही.

चर्चच्या मंडळीच्या मोबाइल गटांवर हल्ली कुणाच्या रंगावर, कुणाच्या बोलण्यावर विनोद फिरतात आणि वर सकाळचं वचनही असतं, तेव्हा फार वाईट वाटतं. त्यातच शाळेतला शास्त्राचा तास आता आठवड्यातून एकदाच होतो असं ऐकते. समितीला माझी कळकळीची विनंती आहे: या सुवर्णमहोत्सवी वर्षात तो तास पूर्वीसारखा रोज सुरू करा. शिक्षकांच्या मानधनाचा भार उचलायला आमची तुकडी तयार आहे.