फुलब्राइटचा अर्ज आणि कळव्याची लोकल

मी अमेरिकन सरकारच्या फुलब्राइट कार्यक्रमातून सहा आठवड्यांसाठी अमेरिकेला जाणार हे स्टाफरूममधून बाहेर पडल्यापासून ठाण्यातल्या शिक्षकांचे फोन चालू आहेत. प्रश्न साधारण तेच. ओळख लागते का? इंग्रजी माध्यमवाल्यांनाच मिळतं ना? नौपाड्यात कोणीतरी अर्ज लिहून देण्याचे पैसे घेतो, तो बरा आहे का? प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

आधी एक गोंधळ दूर करू. ‘फुलब्राइट’ म्हणजे एकच एक शिष्यवृत्ती नव्हे. आर्कन्सॉचे सिनेटर जे. विल्यम फुलब्राइट यांनी १९४६ साली ही कल्पना कायद्यात बसवली. दुसऱ्या महायुद्धानंतर परदेशात पडून राहिलेलं अमेरिकेचं सामान विकायचं आणि त्या पैशातून विद्यार्थी-शिक्षकांची देवाणघेवाण करायची, असा तो मामला. भारताशी करार झाला २ फेब्रुवारी १९५० रोजी. २००८ मध्ये दोन्ही सरकारं खर्च वाटून घेऊ लागली, तेव्हापासून मोठ्या पाठ्यवृत्त्यांना ‘फुलब्राइट-नेहरू’ म्हणतात. मी जातेय ती त्यातली नाही. माझ्या कार्यक्रमाचं नाव टीचिंग एक्सलन्स अँड अचीव्हमेंट, सगळे टीईए म्हणतात. माध्यमिक शाळेत पूर्णवेळ शिकवणाऱ्यांसाठी तो आहे. इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रं असे विषय चालतात. एखाद्या अमेरिकन विद्यापीठात राहायचं, अध्यापनाचे वर्ग करायचे आणि तिथल्या एका माध्यमिक शाळेत जाऊन बसायचं. पदवी मिळत नाही. भाषा शिकवायला नऊ महिने जायचं असेल तर फॉरेन लँग्वेज टीचिंग असिस्टंट (एफएलटीए) हा निराळा प्रकार आहे, पण त्याला वयाची अट एकोणतीसपर्यंत, म्हणजे आमच्यापैकी बहुतेकांची गाडी सुटलेली. आपल्याकडे हे सगळं युनायटेड स्टेट्स-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशन (यूएसआयईएफ) पाहतं, दिल्लीच्या हेली रोडवर त्यांचं मुख्य कार्यालय आहे आणि मुंबईतही एक आहे.

ओळख लागत नाही. एजंटही लागत नाही. नौपाड्यातल्या त्या माणसाला पैसे देऊ नका, कारण तो जे लिहून देईल ते तुमच्या वर्गात घडलेलंच नसेल आणि मुलाखतीत दुसऱ्या प्रश्नाला तुम्ही उघडे पडाल.

अर्जातली खरी मेहनत निबंधांची. माझं याबाबतचं मत जरा कडू आहे. आपण शिक्षक आयुष्यभर अहवाल लिहितो. ‘विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासासाठी विविध उपक्रम राबविण्यात आले. उपक्रमास विद्यार्थ्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद लाभला.’ राबवले कोणी? कोणत्या वर्गात? प्रतिसाद लाभला म्हणजे नक्की काय झालं, आणि तीन पोरं मागे बसून टवाळक्या करत होती त्यांचं काय? अहवालात हे विचारायची पद्धत नाही. तो वरच्या साहेबासाठी असतो आणि साहेबालाही तो पुढे पाठवायचा असतो. वर्षानुवर्षं असं लिहून लिहून आपणच आपल्या वर्गातून गायब होतो. आणि फुलब्राइटवाले नेमकं तेच विचारतात: वर्गात काय अडलं, तुम्ही काय केलंत, त्याने काय बदललं. माझ्या ओळखीच्या एका उत्तम शिक्षिकेचा अर्ज मी वाचला होता. बाई वर्गात जादू करतात, पण अर्जात सगळं ‘करण्यात आले’. वाचणाऱ्याला कळणार कसं?

मी कळव्यात मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत विज्ञान शिकवते. वर्गात साठेक मुलं. प्रयोगशाळा आहे असं कागदावर म्हणता येतं. नववीचा पहिलाच धडा ‘गतीचे नियम’. अंतर, विस्थापन, वेग, त्वरण ही व्याख्यांची रांग लागते आणि मुलं ती आरतीसारखी म्हणतात. आमचा वर्ग तिसऱ्या मजल्यावर आणि खिडकीतून रेल्वेमार्ग दिसतो. एरवी हा वैताग, दर दोन मिनिटांनी बोलणं थांबवावं लागतं. पण एकदा म्हटलं, होऊन जाऊ दे. ओव्हरहेड वायरचा समोरचा एक खांब धरला. लोकलचं तोंड खांबाशी आलं की घड्याळ चालू, शेवटचा डबा गेला की बंद. खेळाच्या सरांकडून स्टॉपवॉच आणलं, दुसरं माझ्या मोबाइलवर.

वेळ मिळाला, पण गाडीची लांबी? पुस्तकात नाही. एक मुलगा म्हणाला, बाई, मी रोज मुंब्र्याहून येतो, मोजून आणतो. दुसऱ्या दिवशी सांगत आला: एक डबा तेहतीस पावलं, दोन डब्यांमधली फट वेगळी. मग त्याला वर्गात चालवून मीटरपट्टीने त्याचं पाऊल मोजलं. डबा एकवीस मीटरच्या आसपास निघाला, बारा डब्यांची गाडी अडीचशेच्या थोडी वर. एका जलद गाडीला पंधरा सेकंद लागले होते. खिडकीच्या गटाचं उत्तर आलं ताशी ६१ किलोमीटर. मागच्या गटाचं ६१२. वर्गात हशा पिकला, ‘बाई, ती आत्तापर्यंत कसाऱ्याच्या पुढे गेली असेल!’ दशांश चिन्ह कुठे हरवलं ते त्यांनीच शोधलं, मी फळ्याला हातही लावला नाही.

खरी गंमत पुढे. एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी म्हणाली की स्लो गाडीचं उत्तर चुकीचंच येणार. का? कारण ती कळव्याहून नुकतीच सुटलेली असते, पहिला डबा खांबापाशी रमतगमत येतो आणि शेवटचा पळत जातो, मग भागाकार करून आलेला वेग नक्की कोणत्या डब्याचा? एकसमान आणि नैकसमान गती, सरासरी वेग, त्वरण, सगळं तिने एका वाक्यात माझ्यासमोर ठेवलं. त्यानंतर आम्ही पहिल्या चार डब्यांचा आणि शेवटच्या चार डब्यांचा वेळ वेगळा घेतला.

निबंधात मी हेच लिहिलं. डब्याची पावलं, ६१२ आणि त्या मुलीचा प्रश्न. मागच्या बाकांवरच्या सात-आठ मुलांनी यातलं काहीही केलं नाही, हेही लिहिलं, आणि त्यांच्याबद्दलच मला तिथे काही शिकायचं आहे असंही. आमचे गणिताचे सर म्हणाले, ‘मॅडम, हे काय, पोरं खिडकीत उभी राहून गाड्या मोजतात? संस्थेला दाखवू नका.’ संस्थेला दाखवलं नाही.

मुख्याध्यापिकाबाईंचं शिफारसपत्र हा दुसरा डोंगर. बाईंचा पहिला मसुदा म्हणजे कोणाच्याही निरोप समारंभात वाचता आला असता: कष्टाळू, मनमिळाऊ, वेळेच्या पक्क्या. त्यांच्यासमोर बसून मी म्हटलं, बाई, तुम्ही माझा तास बघायला आला होतात तेव्हा काय दिसलं तेवढंच लिहा. त्या जरा हसल्या आणि म्हणाल्या, ‘गोंधळ दिसला गं, पण कामाचा.’ आणि तसंच लिहिलं.

शाळेची संमती अर्जातच द्यावी लागते, ती मिळाली. पुढे निवड झाल्यावर रजेचा कागद हलेना. खासगी शाळांची १९८१ ची नियमावली आमच्या सेवेला लागू, पण सहा आठवडे परदेशी प्रशिक्षण म्हणजे कुठली रजा, यावर एका कार्यालयात माझी फाईल या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली. कोणी नाही म्हणेना, कोणी सही करेना. शेवटी एका ज्येष्ठ लिपिकांनी तोडगा सांगितला: अर्जात ‘अमेरिका’ हा शब्द पहिल्या ओळीत ठेवू नका, आधी किती दिवस आणि बदली व्यवस्था कोण करणार ते लिहा. तसं लिहिल्यावर सही झाली. ज्यांना अर्ज करायचाय त्यांनी हे काम निकालाची वाट न पाहता सुरू करावं, आणि पासपोर्टही काढून ठेवावा.

टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेची फार धास्ती होती. माझ्या वेळी बोलण्याच्या एका प्रश्नाला विचार करायला पंधरा सेकंद आणि उत्तराला पंचेचाळीस. घरी सराव म्हणजे सासूबाई हातात मोबाइलचा टायमर घेऊन, ‘झालं तुझं, थांब.’ त्यांना इंग्रजी कळत नाही, पण मी अडखळले की बरोबर कळायचं. परीक्षा केंद्रात एकाच खोलीत सगळे एकदम हेडफोन लावून बोलत असतात. शेजारचा मुलगा आपल्या आवडत्या शहराबद्दल तारस्वरात सांगत होता, पलीकडे कोणी वाचनालयाचं महत्त्व पटवत होतं. इतरांना त्याचा त्रास झाला म्हणे. साठ पोरांच्या आवाजावर रोज आवाज चढवणारीला तो त्रास कसला? मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी उच्चाराची भीती बाळगू नये. मुद्दा सलग सांगता येतो का, एवढंच बघावं.

व्हिसा जे-१ प्रकारचा, म्हणजे देवाणघेवाणीच्या कार्यक्रमांचा. आधी त्यासाठीचा डीएस-२०१९ हा पात्रतेचा कागद येतो, मग बीकेसीतल्या वाणिज्य दूतावासात मुलाखत. सरकारी कार्यक्रम असल्याने व्हिसाची फी माफ आहे, त्यामुळे ती मागणाऱ्याला हात जोडावेत. एक अट मात्र नीट वाचा: परतल्यावर दोन वर्षं मायदेशी राहिल्याशिवाय तिथल्या नोकरीचा एच-१बी व्हिसा किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही. पुतण्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, ‘मग काय उपयोग काकू?’ घरच्यांनाही बरोबर नेता येत नाही, त्यावरून आमच्याकडे दोन दिवस थोडं शीतयुद्ध झालं.

आता तयारी. तिथे आपल्या देशाबद्दल बोलायला सांगतात, म्हणून स्टाफरूममध्ये सूचनांचा पाऊस आहे: वारली चित्रं न्या, लेझीम न्या, नऊवारीत फोटो काढा. नऊवारी एक नेतेय, लेझीम नाही. माझ्या बॅगेत बालभारतीचं नववीचं विज्ञानाचं पुस्तक आहे, आणि लोकलच्या त्या मोजमापांच्या चार वह्या, पानांवर खाडाखोड आणि वडापावचे डाग असलेल्या. तिथल्या मुलांपुढे ती पानं ठेवून स्कूलबस खांबापाशी मोजता येते का ते बघायचं आहे. त्यांची बस अकरा-बारा मीटरची असेल तर वेळ इतका कमी येईल की स्टॉपवॉच दाबतानाच चूक होईल, त्यावर काय करायचं ते अजून सुचलेलं नाही. कोणाला सुचलं तर कळवा.

माझी तुकडी सप्टेंबरमध्ये निघते, म्हणजे गणपती, सहामाही आणि नववीच्या पेपरांची तपासणी, सगळं मागे राहणार. दहावीचे तास गणिताच्या सरांनी घेतलेत, ‘भिंगे’ हा धडा तेवढा मी जाण्याआधी संपवायचा या अटीवर. नववी घ्यायला अजून कोणी तयार नाही. सोमवारी पुन्हा मुख्याध्यापिकाबाईंकडे जायचं आहे.